सावंतवाडीचा म्हणून आणलेला करंडा

अण्णा, तुमच्या करंड्याचं झाकण या उन्हाळ्यात तडकलं. मानपाड्याच्या आमच्या नव्या घरात वारा फार येतो. एका दुपारी खिडकी आपटली, पडदा उडाला आणि त्याने टीपॉयवरचा करंडा खाली ओढला. मोडला नाही, पण झाकणाच्या कडेला बोटभर चीर गेली. मी तो जागेवर ठेवला खरा, पण हॉलमध्ये बसलं की नजर त्या चिरेवरच जायची. घर लावणं हा आता माझा मुख्य उद्योग आहे. मुलगी बंगलोरला, हे बँकेतून निवृत्त, त्यामुळे दिवस मोकळा असतो. एका भिंतीवर मी मातीचं आणि आरशांचं काम केलंय, तीन महिने लागले. उशांचे अभ्रे जुन्या साड्यांचे, हातशिलाईचे. सुतळीच्या गाठी मारून केलेली कुंड्यांची शिंकी बाल्कनीत आहेत. येणारी-जाणारी माणसं त्याचं कौतुक करतात, मग त्यांची नजर तुमच्या वस्तूंकडे वळते आणि माझं सगळं फिकं पडतं. सावंतवाडीचा करंडा, कर्नाटकातून आणलेला मोराचा ब्रॅकेट, उत्तरेकडची जाळीदार चौकट असलेला आरसा. प्रत्येकाची गोष्ट मला पाठ आहे. तुम्ही सांगितलेली.

वर्षातून दोनदा, कधी तीनदा, तुम्ही एकटे जायचात. खांद्याला कापडी पिशवी, पायात चपला, चार-पाच दिवस. आईने कुठे म्हणून विचारलं तर म्हणायचात, "एसटी नेईल तिथे." परत आलात की हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एखादी लाकडी वस्तू असायची आणि ती उलगडता उलगडता तुम्ही सांगायला लागायचात. अमुक स्टँडवर उतरलो, तिथे एक म्हातारी आवळे विकत होती, तळ्याच्या काठाने चालत गेलो, कारागिराच्या ओट्यावर दोन दिवस बसून राहिलो, त्याने जेवायला वाढलं. मी तोंडाचा आ करून ऐकायचे. आजही आम्ही दोघं बाहेर पडतो ते यादी न करता. एका गावात चार दिवस राहतो, काही बघायचं राहिलं तर राहू देतो. माझ्या मैत्रिणी पाच दिवसांत सात ठिकाणं करून येतात आणि मला हसतात. मी त्यांना सांगते, हे मी माझ्या वडिलांकडून शिकले.

म्हणून मी यंदा करंडा घेऊन सावंतवाडीलाच गेले. म्हटलं, जिथे झाला तिथेच दुरुस्त होऊ दे. आम्ही दोघं तळ्याजवळ एका साध्या घरात उतरलेलो, सकाळी चहा घेऊन रमतगमत बाजारात गेलो. लाकडी फळं, भोवरे, खेळणी मांडलेल्या एका दुकानात मागच्या बाजूला एक वयस्क कारागीर काम करत होते. त्यांच्या हातात करंडा दिला. त्यांनी झाकण काढलं, कडेवरून अंगठा फिरवला, करंडा उलटा केला, नाकाशी नेला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, ह्या काय आमच्या हयचा काम नाय."

मी म्हटलं, "अहो, इथूनच आणलाय माझ्या वडिलांनी. तीसेक वर्षं झाली."

"आणलेलो आसात खयसून तरी. आमचा लाकूड पांगाऱ्याचा, हलका. ह्या सागवान. आणि ही कड बघा, सगळीकडे एका मापाची. करणारो कारखान्यातलो माणूस आसतलो." त्यांनी करंडा उलटा धरून मला दाखवला. बुडाशी, रंगाखाली, लाकडात ठोकून उमटवलेला आकडा होता. सतरा. "हो आकडो आमी कित्याक ठोकू?"

हे हसले. म्हणाले, "अण्णांना कोणीतरी गंडवलं म्हणायचं." मीसुद्धा हसले. पण पुढचे तीन दिवस तळ्याच्या काठाने चालताना माझं मन लागेना. तुम्ही सांगितलेला ओटा मी शोधत होते. तो कुठे नव्हताच असं नाही, तसे ओटे खूप होते. मला अचानक कळलं की तुमच्या गोष्टीतला कुठलाही ओटा कुठेही बसला असता.

घरी आल्यावर आधी मोराचा ब्रॅकेट काढला. मागे आकडा, नऊ. आरशाची चौकट उलटी केली, बावीस. स्वयंपाकघरातली चमच्यांची घोडी तुम्ही कुठल्याशा जत्रेतून आणलेली, तिच्यावर चार. मी सगळ्या वस्तू जमिनीवर ओळीने मांडल्या आणि त्यांच्यामध्ये बसून राहिले. तीन राज्यांतल्या वस्तूंवर एकाच हाताचे आकडे. म्हणजे तुम्ही कुठेच गेला नव्हतात. मग चार-चार दिवस होतात कुठे?

तुम्हाला हे ठाऊक नसेल, पण हा प्रश्न आमच्या घरात जुना आहे. मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना तुम्ही असेच कुठूनसे आलात, आंघोळीला गेलात, आणि आईने मला खूण करून बोलावलं. म्हणाली, "पिशवी बघ गं त्यांची. तिकिटं आहेत का बघ." मी पिशवी उपसली. तिकीट एकही नव्हतं. पण आईचं लक्ष दुसरीकडेच होतं. तिने तुमचा शर्ट बाहेर काढला, झटकला, नाकाला लावला. धुतलेला होता, चापूनचोपून घडी घातलेला. "चार दिवस एसटीत बसून आलेल्या माणसाचा शर्ट असा असतो?" ती म्हणाली आणि शर्ट होता तसा परत ठेवला. त्यानंतर तिने या विषयावर कधी तोंड उघडलं नाही, पण तुम्ही आणलेल्या वस्तू मात्र ती दर शनिवारी खोबरेल लावून पुसायची. कोणी आलं की सांगायची, "ह्यांनी आणलंय बाहेरून. ह्यांना फार पारख."

आई आता एकोणऐंशीची आहे, माझ्याकडेच असते. गुडघे गेलेत, कान अजून तिखट आहेत. मी वस्तू मांडून बसलेली तिने पाहिलं आणि काठी टेकत आली.

"काय शोधतेस?"

"आई, अण्णा खरंच जायचे का गं फिरायला?"

ती पलंगाच्या कडेवर बसली. "बाई होती का, असं विचारायचंय तुला?"

मी हातातला ब्रॅकेट खाली ठेवला.

"मी त्यांना कधीच विचारलं नाही," ती म्हणाली. "विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. म्हणून नाही विचारलं."

इतकी वर्षं हे गिळून ही बाई तुमच्या ताटात गरम पोळी वाढत होती, अण्णा. मला तुमचा राग आला. पण आकडे डोक्यातून जाईनात, आणि दोन दिवसांनी भाजी निवडताना मला ते कुठे पाहिले होते ते आठवलं. मी चौदा वर्षांची आहे. आपण कोपरला दोन खोल्यांचा ब्लॉक घेतलाय, वास्तुशांत आहे. तुमच्या कंपनीतले लोक आलेत. तुम्ही ड्रॉइंग ऑफिसात होतात. तुम्ही कागदावर काढलेल्या भागाचा लाकडी साचा करणारे एक काका होते, त्या साच्यावरून मग लोखंड ओतायचे. तुम्ही मला सांगायचात, "मी रेघ मारतो, पण तिला अंग देतो तो." ते साचेवाले काका सहकुटुंब आलेले, विठ्ठलवाडीहून. त्यांनी स्वतःच्या हाताने केलेली घड्याळाची चौकट आणलेली, भोवती कोरीव पिंपळपानं, एकेक शीर दिसेल अशी. चौकटीच्या मागे असाच आकडा ठोकलेला. मी विचारलं तर काका म्हणाले, "आमची कारखान्याची सवय, प्रत्येक साच्याला नंबर. हा घरचा पहिला, म्हणून एक."

चौकट भिंतीवर लागली नाही. पाहुणे गेल्यावर आई म्हणाली, पिंपळ घरात नको, अशुभ. तेवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण नंतर स्वयंपाकघरात मामीशी बोलताना ती हळू आवाजात म्हणाली, "त्यांच्या हातचं दर्शनी भिंतीवर कशाला? उद्या कोणी विचारलं कुणी दिलं तर काय सांगायचं?" ते बौद्ध होते हे आईला माहीत होतं, मामीलाही कळलं. तुम्ही उष्टे कप घेऊन दारात उभे होतात. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही काही बोलाल असं मला वाटलं. तुम्ही कप मोरीत ठेवले आणि विसळायला लागलात. चौकट माळ्यावर गेली, पुढे कधीतरी घर बदलताना भंगारात. त्याच वर्षी तुमचं फिरणं सुरू झालं.

मग मी विठ्ठलवाडीला गेले. पत्ता नव्हता, पण लहानपणी एकदा तुम्ही मला तिथे घेऊन गेलेलात, विहाराच्या मागची बैठी चाळ एवढं आठवत होतं. दोन ठिकाणी विचारल्यावर तिसऱ्या ठिकाणी एका मुलीने दार दाखवलं. काकू दारातच डाळ पाखडत बसलेल्या. पांढरे केस, जाड भिंगाचा चष्मा. मी तुमचं आडनाव सांगितलं आणि त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"अण्णांची मुलगी? कॉलेजात होतीस ती? ये, आत ये. चप्पल राहू दे गं."

काकांना जाऊन अठरा वर्षं झाली, म्हणजे तुमच्या आधी दोन. मुलगा पुण्याला. मागच्या पडवीत आता पाण्याची टाकी आहे, पूर्वी तिथे लाकूड कातायचं लेथ होतं, कंपनीने मोडीत काढलेलं, काकांनी दुरुस्त केलेलं. काकूंनी मला सगळं दाखवलं. तुम्ही कुठे बसायचात, कुठे झोपायचात. तुम्ही कागदावर नक्षी काढायचात, काका लाकूड फिरवायचे. पुढे त्यांनी तुम्हालाही शिकवलं. "सुरुवातीला चार वाट्या फोडल्या तुझ्या अण्णांनी," त्या म्हणाल्या. "मग हात बसला."

मी विचारलं, "आणि त्या गावांच्या गोष्टी? स्टँड, तळं, आवळेवाली?"

"माझा भाऊ एसटीत ड्रायव्हर होता ना. तो यायचा तेव्हा सांगायचा, अण्णा लिहून घ्यायचे. म्हणायचे, घरी गेल्यावर सांगावं लागतं." त्या हसल्या. "दोघांनी खरंच जायचं ठरवलं होतं एकदा, सावंतवाडीला. ह्यांना सुट्टी मिळाली नाही. मग राहिलंच."

"आमच्या घरी काय सांगायचे ते तुम्हाला माहीत होतं?"

"आम्हाला म्हणायचे, घरच्यांना लाकडाचा भुसा चालत नाही, दमा आहे. म्हणून चोरून करतो. हे विचारायचे, वहिनींना आवडलं का मागचं? अण्णा म्हणायचे, हॉलमध्ये लावलंय, सगळ्यांना दाखवते. की दोघं हसायचे."

"कसं हसायचे, काकू?"

"कसं म्हणजे? हसायचे."

अण्णा, माझं घोडं इथेच अडलंय. आईने ज्या हातांची वस्तू भिंतीला लावू दिली नाही, त्याच हातांच्या वस्तू तुम्ही एकामागून एक तिच्याच हाताने दर्शनी भिंतीवर लावून घेतल्यात. तिला खोबरेल लावून पुसायला लावल्यात, पाहुण्यांसमोर मिरवायला लावल्यात, पंचवीस वर्षं. ते चांगल्या वस्तूच्या आनंदाचं हसू होतं की तिच्यावरचं? तुम्ही मित्राला मान मिळवून देत होतात की बायकोला शिक्षा देत होतात, आणि तीही तिला न सांगता? मी तुम्हाला शांत माणूस समजायचे. आता तो शांतपणाच मला संशयास्पद वाटतो.

तेवढ्यात काकूंनी विचारलं, "आणि ते घड्याळ? पिंपळपानांचं? आहे का गं अजून?"

मी म्हणाले, "हॉलमध्ये होतं. बरीच वर्षं."

"हो, अण्णा सांगायचे. म्हणायचे, तुमच्या चौकटीतच आम्ही वेळ बघतो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे जाताना पण म्हणाले, माझा पहिला नंबर त्यांच्या भिंतीवर आहे."

म्हणजे तुम्ही दोन्हीकडे खोटं बोललात. इकडे आम्हाला सांगितलंत, मी गावोगाव फिरतो. तिकडे त्यांना सांगितलंत, तुमची चौकट भिंतीवर आहे. आणि त्यांना परत कधी आपल्या घरी बोलावलं नाहीत, बोलावलं असतंत तर भिंत दिसली असती. त्या दिवशी दारात उभं राहून एक वाक्य बोलला असतात तर यातलं काहीच करावं लागलं नसतं. आई रडली असती, मामी चार दिवस रुसली असती, आणि घड्याळ लागलं असतं. तुम्ही त्या एका वाक्याऐवजी पंचवीस वर्षं लाकूड कोरत बसलात. आणि इतकं सुंदर कोरलंत की मला धड रागावताही येत नाही.

निघताना काकू म्हणाल्या, "शर्ट भुशाने भरायचा त्यांचा. तसा घरी नेला तर दम्याच्या माणसाला त्रास, म्हणून मी धुऊन, घडी घालून द्यायची. चहा बिनसाखरेचा लागायचा. हे गेल्यावरही आले दोन-तीनदा. लेथपाशी बसायचे, चालू नाही करायचे. मग तेही गेल्याचं कळलं." दारापर्यंत सोडायला आल्या. माझा नंबर मघाशी दार दाखवणाऱ्या मुलीच्या मोबाइलवर घालून घेतला, तिचा मला दिला. म्हणाल्या, "आईंना घेऊन ये एकदा. मी काही त्यांना धड भेटलेलीच नाही. त्या दिवशी गर्दी होती."

रिक्षात बसल्यावर मी ठरवलं, आईला सांगायचं. चाळीस वर्षं तिने बाई होती असं धरून काढली. निदान तेवढं तरी तिच्या छातीवरून उतरू दे. बाकीचं ऐकून तिला लाज वाटली तर वाटू दे, या वयातसुद्धा वाटायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या पायाला तेल लावता लावता मी सगळं सांगितलं. काका, लेथ, आकडे, ड्रायव्हर भाऊ. संपल्यावर ती भिंतीवरच्या मोराकडे बघत राहिली.

"हे सगळं तिथलं?"

"हो."

"तुला कोणी सांगितलं?"

"काकूंनी. काकांच्या बायकोने."

"आणि कपडे?"

"त्याच धुवायच्या. भुसा असायचा म्हणून."

आईने पाय ओढून घेतला. "मग होतीच की बाई," ती म्हणाली. "नवरा गेल्यावरही जायचे म्हणालीस ना? मी म्हणत होते तेच. तू उगीच एवढी फिरून आलीस."

मी तिला म्हणायला हवं होतं, आई, काहीतरीच काय बोलतेस. ती बाई सत्तरी ओलांडलेली आहे, तिने मला चप्पल काढू न देता आत घेतलं, तिच्या नवऱ्याचं काम तू माळ्यावर टाकलंस. हे सगळं माझ्या तोंडाशी आलेलं. आईच्या चेहऱ्यावर एक प्रकारचं समाधान होतं, ते पाहून मला थोडी भीतीच वाटली. तिला वस्तूंची लाज वाटलीच नाही. तिच्या जुन्या संशयाला नाव आणि पत्ता मिळाला, तेवढंच तिने माझ्या गोष्टीतून उचललं. त्या शनिवारी तिने मोर पुसला नाही. काढ असंही म्हणाली नाही. तिथेच आहे तो, धूळ मी झटकते.

करंड्याची चीर मी घरीच लाखेने बुजवली. जवळून पाहिलं तर दिसते. हे म्हणतात, सोड आता, गेलेल्या माणसांना काय विचारायचं. बरोबर आहे. हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नही त्यात आलाच, आणि मी काही ते कुणाला वाचून दाखवणार नाही, आईला तर नाहीच.

काल विठ्ठलवाडीहून फोन आला. त्या मुलीच्या मोबाइलवरून, म्हणजे काकूच असणार. मी कुंड्यांना पाणी घालत होते, हात ओले होते, असं मी स्वतःला सांगितलं. फोन वाजू दिला. अण्णा, खरं ते सांगते. आई ते वाक्य बोलली तेव्हा मी तिला गप्प केलं नाही, कारण बिनसाखरेच्या चहाचं काकू बोलल्या तेव्हा, त्यांच्या दारात उभं असताना, क्षणभर माझ्याही मनात तेच येऊन गेलं होतं.